चार लिप्यांचं पान आणि ते देणारा सर्व्हर

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरहून पुण्याला मुलाखतीसाठी जाणाऱ्या आपल्या मुलांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यावर पुढे काय काय होतं? उत्तर बहुतेकांना पाठ असतं. डीएनएस, तीन टप्प्यांचा हँडशेक, ओएसआयचे सात थर. मग समोरचा विचारतो, ‘पलीकडून अर्धीच विनंती आली, तर तुमचा सर्व्हर काय करेल?’ इथे पाठांतर संपतं. या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातून येत नाही. एक लहानसा वेब सर्व्हर स्वतः लिहिला की येतं.

म्हणून ही कृती. फ्रेमवर्क नाही, तयार लायब्ररी नाही. फक्त सी भाषा आणि लिनक्स. पाचशे ते हजार ओळींत चांगला, चपळ सर्व्हर उभा राहतो. कॉलेज सांभाळून रोज संध्याकाळी बसलात तर काही आठवड्यांत होईल. घाई करू नका. प्रत्येक टप्पा चालवून, मुद्दाम मोडून बघितल्याशिवाय पुढच्याला हात घालायचा नाही, एवढा एकच नियम पाळा.

सर्व्हरनं द्यायचं पान मात्र आपल्या गावाचं असू द्या. सोलापूरचं नाव चार लिप्यांत लिहिलेलं एक साधं पान करा: मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड आणि शहरात उर्दू रोज बोलली जाते, तेव्हा पान खोटं वाटणार नाही. यात अभ्यासाचाही फायदा आहे. इंग्रजी पानावर ज्या चुका झाकल्या जातात, त्या या पानावर लगेच उघड्या पडतात. कशा, ते पुढे येईलच.

साहित्य

चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरे. त्यावर उबुंटू किंवा डेबियन. विंडोज सोडायचं नसेल तर त्यातलं डब्ल्यूएसएल चालेल. ‘बिल्ड-इसेन्शियल’ या पॅकेजमधून कंपायलर आणि मेक मिळतात. त्याशिवाय कर्ल, नेटकॅट, एसट्रेस आणि वेग मोजायला डब्ल्यूआरके. संदर्भासाठी ‘बीज्’ची नेटवर्क प्रोग्रॅमिंगची मार्गदर्शिका इंटरनेटवर फुकट आहे, आणि रिचर्ड स्टीव्हन्स यांचं ‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग’ कॉलेजच्या ग्रंथालयात शोधा. त्याची पहिली आवृत्ती १९९० सालची, पण सॉकेटबद्दल तितकं नीट लिहिलेलं पुस्तक मला आजही दुसरं सापडलेलं नाही.

एक सूचना: इथे आज्ञा आणि फंक्शनांची नावं देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची.

आधी सर्व्हर तुम्ही व्हा

कोड लिहायच्या आधी हे करा. टर्मिनलमध्ये नेटकॅटला पोर्ट ८०८० वर ऐकायला बसवा: ‘एनसी’, मग लहान ‘एल’ आणि मोठा ‘सी’ हे पर्याय, मग ८०८०. लहान एल म्हणजे ऐकत राहा, मोठा सी म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन चिन्हं पाठव: कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड, म्हणजे १३ आणि १० या क्रमांकांचे बाइट. एचटीटीपीची ओळ या जोडीनं संपते. आता ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८०८० हा पत्ता उघडा.

ब्राउझर गोल गोल फिरत राहील, आणि टर्मिनलमध्ये त्यानं पाठवलेली विनंती जशीच्या तशी दिसेल. पहिली ओळ ‘गेट’, मोकळी जागा, तिरकी रेघ, मोकळी जागा, ‘एचटीटीपी/१.१’. खाली ‘होस्ट’, ‘युजर-एजंट’, ‘अ‍ॅक्सेप्ट’ अशा हेडरच्या ओळी. शेवटी एक रिकामी ओळ. बस, वेब म्हणजे मुळात एवढंच. १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये मांडलेल्या पहिल्या रूपात तर विनंती एकाच ओळीची होती: ‘गेट’ आणि पानाचा पत्ता. हेडर १९९६ च्या १.० आवृत्तीत अधिकृतपणे नोंदले गेले. आज आपण पाळायचा तो १.१ चा प्रमाण दस्तऐवज जून २०२२ चा आहे, आरएफसी ९११२. तो कधीतरी मुळातून वाचा. वाटतो तितका अवघड नाही.

ब्राउझर अजून वाट बघतोय. त्याला हातानं उत्तर द्या. पहिली ओळ: ‘एचटीटीपी/१.१ २०० ओके’. दुसरी: ‘कंटेंट-टाइप: टेक्स्ट/प्लेन; कॅरसेट=यूटीएफ-८’. तिसरी: ‘कंटेंट-लेंग्थ: ७’. मग रिकामी ओळ, आणि मग रोमन अक्षरांत सोलापूर. एंटर दाबताच ब्राउझर थांबतो आणि पान दिसतं. रोमनमध्ये या नावाची सात अक्षरं, सात बाइट, हिशेब जुळला.

आता हाच प्रयोग पुन्हा करा, पण शेवटी ‘सोलापूर’ देवनागरीत टाइप करा आणि लांबी सातच ठेवा. पडद्यावर ‘सो’ दिसेल आणि त्यापुढे एक तुटकं चौकोनी किंवा प्रश्नचिन्हासारखं चिन्ह. कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र ही चिन्हंही सातच, पण बाइट एकवीस. सात बाइटांत स आणि ओकाराचे सहा मावले, सातवा बाइट लच्या तुकड्याचा. कन्नड आणि तेलुगूतही चिन्हामागे तीन बाइट. उर्दूच्या अक्षरांना दोन. लांबी बाइटांत मोजायची, अक्षरांत नाही, हे आता तुम्हाला कुणी पुन्हा सांगायची गरज पडणार नाही. सी मधलं ‘एसटीआरलेन’ बाइट मोजतं म्हणून तिथे निभावतं. पायथनचं ‘लेन’ अक्षरमालेची चिन्हं मोजतं आणि सात सांगतं. इंग्रजी पान देणाऱ्याला ही चूक वर्षानुवर्षं दिसत नाही.

सॉकेट उघडणं

आता कोड. क्रम ठरलेला आहे: सॉकेट, बाइंड, लिसन, अ‍ॅक्सेप्ट. सॉकेटनं ऑपरेटिंग सिस्टिमकडून एक टोक मिळतं, बाइंडनं त्याला पोर्ट जोडतो, लिसननं ते ऐकू लागतं आणि अ‍ॅक्सेप्ट प्रत्येक येणाऱ्यासाठी एक नवं सॉकेट हातात देतं. हे कॉल बर्कलीच्या ४.२ बीएसडीमधून १९८३ साली जगापुढे आले. त्याच वर्षी सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झालं. तेव्हाच्या पहिल्या तुकडीला जे कॉल शिकता आले असते, तेच आजच्या तुकडीला शिकायचे आहेत. इतकं टिकाऊ ज्ञान संगणकात फार थोडं आहे.

तीन जागी थांबा. पहिली, पोर्टचा आकडा. नेटवर्कवर मोठा बाइट आधी जातो, आपल्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये लहान बाइट आधी असतो. म्हणून ८०८० हा आकडा ‘एचटीओएनएस’मधून फिरवून द्यायचा. विसरलात तर प्रोग्रॅम कुठलीही तक्रार न करता ३६८९५ या पोर्टवर ऐकत बसेल. एकदा मुद्दाम विसरून बघा आणि ‘एसएस’ कमांडनं उघडी पोर्टं तपासा.

दुसरी, सर्व्हर बंद करून लगेच चालू केला की ‘पत्ता वापरात आहे’ अशी चूक येते. जुनी जोडणी लिनक्स साठ सेकंद ‘टाइम-वेट’ अवस्थेत धरून ठेवतो, जेणेकरून उशिरा पोचलेली पाकिटं नव्या जोडणीत मिसळू नयेत. बाइंडच्या आधी ‘रियूज-अ‍ॅड्रेस’ हा पर्याय लावला की अडचण सुटते. तिसरी, प्रत्येक कॉलनं परत दिलेलं मूल्य तपासा. हे सांगून सांगून शिक्षक थकतात, पण नेटवर्कच्या कामात याला पर्यायच नाही: इथे चूक होणं हा अपवाद नसतो, रोजचा व्यवहार असतो.

विनंती वाचणं: इथेच खरा अभ्यास

सगळ्या कृतीत सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्या. नवशिक्याचा कोड एकदा ‘रिसीव्ह’ करतो आणि जे आलं ती पूर्ण विनंती समजून पुढे जातो. घरच्या लॅपटॉपवर ते चालतंही. खऱ्या नेटवर्कवर मोडतं.

टीसीपी निरोप पोचवत नाही, बाइटांचा अखंड ओघ पोचवतो. उजनी धरणाच्या जलवाहिनीत तिकडून किती घागरी पाणी सोडलं, ते आपल्या नळाला कळत नाही. आपल्याकडे कधी बादली भरते, कधी तांब्या. पाठवणाऱ्यानं तीनदा पाठवलं म्हणजे तुमच्याकडे तीनदाच येईल असं नाही. एकदम येईल, सात तुकड्यांत येईल, किंवा एका विनंतीच्या शेपटीला दुसरीचं डोकं चिकटून येईल. क्रम मात्र बदलणार नाही, याची हमी.

म्हणून प्रत्येक जोडणीसाठी आठ केबीचा एक बफर ठेवा. जे येईल ते त्याच्या शेवटी जोडत जा आणि दर वेळी रिकामी ओळ, म्हणजे १३-१०-१३-१० हे चार बाइट, आली का ते शोधा. आली तर विनंतीचा मथळा पूर्ण. नाही आली तर पुन्हा वाचा. बफर भरला तरी रिकामी ओळ नाही, तर ४३१ क्रमांकाचं उत्तर देऊन जोडणी बंद करा. रिसीव्हनं शून्य दिलं तर पलीकडचा निघून गेला. उणे एक दिलं तर कोणती चूक आली त्याचा क्रमांक बघा; ‘ईइन्टर’ असेल तर मधे सिग्नल आला एवढंच, पुन्हा वाचा.

पाठवतानाही हेच. ‘सेंड’ला एक लाख बाइट दिले तरी त्यातले वीस हजारच त्यानं घेतले असं होतं. किती गेले ते बघून उरलेले पुन्हा पाठवायचे. आणि समोरच्यानं मधेच टॅब बंद केला तर ‘सिगपाइप’ सिग्नल येऊन तुमचा अख्खा सर्व्हर मरतो. सुरुवातीलाच तो सिग्नल दुर्लक्षित करायला सांगा, म्हणजे त्याऐवजी साधी चूक हातात येईल.

तपासायचं कसं? नेटकॅटनं तुमच्या सर्व्हरला जोडा आणि विनंतीची एक ओळ लिहून स्वस्थ बसा. मग दुसरी. मग शेवटची रिकामी ओळ. उत्तर अचूक आलं पाहिजे. मग दोन विनंत्या एका फाइलमध्ये पाठोपाठ लिहून एकदम पाठवा. दोन उत्तरं आली पाहिजेत. या दोन परीक्षांत उतरलेला कोड पुढे फारसा दगा देत नाही.

फाइल देणं

पत्त्यावरून फाइल शोधायची, ‘एफस्टॅट’नं तिचा आकार बाइटांत घ्यायचा, तोच कंटेंट-लेंग्थमध्ये लिहायचा. फाइल नसेल तर ४०४. गेट आणि हेड सोडून दुसरी पद्धत आली तर ५०१.

फाइलचं नाव मराठीत ठेवून बघा. ‘सोलापूर’ हे नाव पत्त्यात टक्केवारीच्या चिन्हांनी येतं, बाइटामागे तीन अक्षरं, म्हणजे एकवीस बाइटांची त्रेसष्ट. ती आधी उलगडा आणि नंतरच सुरक्षेची तपासणी करा. क्रम उलटा केलात तर दोन टिंबं सांकेतिक रूपात पाठवून कुणीही तुमच्या फोल्डरच्या बाहेर जाईल आणि पासवर्डांची फाइल मागेल. लिनक्स ५.६ पासून ‘ओपनअ‍ॅट२’ हा कॉल ‘या फोल्डरच्या खालीच राहा’ अशी अट कर्नलकडूनच पाळून घेतो. शक्य असेल तर तोच वापरा.

एकाच वेळी अनेकजण

आतापर्यंतचा सर्व्हर एका वेळी एकालाच उत्तर देतो. एका टर्मिनलमधून नेटकॅट जोडा आणि काहीच टाइप करू नका. आता ब्राउझरमधून पान उघडा: उघडणार नाही. एका गप्प बसलेल्या माणसानं सगळं दुकान बंद पाडलं.

लोक समजतात की सर्व्हर हळू असतो तो जास्त कामामुळे. प्रत्यक्षात त्याचा बराचसा वेळ हळू ग्राहकांची वाट बघण्यात जातो. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापूरच्या होम मैदानावर उभं राहून मोबाइलवर एखादं पान उघडून बघा. त्या गर्दीत असंख्य फोन मोजक्या टॉवरांवर असतात आणि पान रखडत येतं. त्या प्रत्येक रखडलेल्या फोनची जोडणी कुठल्यातरी सर्व्हरवर उघडी असते. ती सांभाळत बाकीच्यांना झटपट उत्तर देणं, हीच वेगाची खरी कसोटी. डॅन केगेल यांनी १९९९ च्या सुमारास हा प्रश्न ‘एकाच वेळी दहा हजार ग्राहक’ अशा नावानं मांडला. लिनक्समध्ये त्यावरचं उत्तर म्हणून ईपोल २००२ मध्ये आलं, आणि इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये एनजिनएक्स लोकांसमोर ठेवला तो याच विचारावर उभा होता.

तुम्हीही त्याच वाटेनं जा. आधी प्रत्येक जोडणीला ‘फोर्क’ करून वेगळी प्रोसेस द्या; मग थ्रेड. दोन्ही करून बघा, पण त्यात रमू नका. मग सॉकेट नॉन-ब्लॉकिंग करा आणि ईपोलकडे या. ईपोलला सगळी सॉकेटं सोपवायची आणि विचारायचं: यातली तयार कोणती? तो तयार असलेल्यांची यादी देतो. तेवढ्यांचंच काम करायचं. वाचायला काही उरलं नाही की ‘ई-अगेन’ येतं; ते आलं की लगेच पुढच्याकडे वळायचं. कुणासाठीही थांबायचं नाही.

यासाठी प्रत्येक जोडणीची अवस्था लक्षात ठेवावी लागते: मथळा वाचतोय, उत्तर पाठवतोय, किंवा पुढच्या विनंतीची वाट बघतोय, बफरमध्ये किती आलं, किती पाठवून झालं. मागच्या टप्प्यात वाचन नीट लिहिलं असेल तर हा बदल सोपा जातो, नसेल तर इथे सगळं पुन्हा लिहावं लागतं. ईपोलची ‘लेव्हल’ पद्धत आधी वापरा. ‘एज’ पद्धतीचा मोह नंतर.

प्रत्येक जोडणीला मुदतही हवी. पंधरा सेकंदांत मथळा पूर्ण झाला नाही तर बंद. मुद्दाम अर्धवट मथळा हळूहळू पाठवून सर्व्हर अडकवणारा ‘स्लोलोरिस’ हा हल्ला २००९ मध्ये गाजला, तो याच ढिलाईवर. आणि एका प्रोसेसला उघडता येणाऱ्या फाइलांची (त्यात सॉकेटंही मोजली जातात) मर्यादा बहुधा १०२४ असते. ती ‘यूलिमिट’नं बघा, आणि मर्यादा संपल्यावर अ‍ॅक्सेप्ट नापास होतं तेव्हा सर्व्हर तग धरतो का, तेही.

वेग

वेग वाढवण्याआधी मोजा. कंपायलरला ‘ओ-२’ पर्याय देऊन बांधा, डब्ल्यूआरकेनं शंभर जोडण्या तीस सेकंद चालवा. सरासरीकडे बघू नका, सर्वांत हळू एक टक्का विनंत्यांना किती वेळ लागला ते बघा. ‘एसट्रेस’ला लहान ‘सी’ पर्याय देऊन एका विनंतीमागे किती सिस्टिम कॉल होतात ते मोजा. प्रत्येक विनंतीची ओळ पडद्यावर छापत असाल तर ती आधी काढा.

मग जोडणी उघडी ठेवा. १.१ मध्ये ‘कीप-अलाइव्ह’ गृहीतच आहे. त्याचा परिणाम डोळ्यांनी बघायचा असेल तर ‘टीसी’ कमांडच्या ‘नेटेम’नं लूपबॅकवर १५० मिलिसेकंदांचा उशीर लावा. दोन्ही दिशांची पाकिटं त्याच इंटरफेसमधून जातात, म्हणून जाऊन-येऊन ३०० होतात. नव्या जोडणीवर हँडशेकची एक फेरी आणि विनंतीची एक, म्हणजे ६००. उघड्या जोडणीवर फक्त ३००. कोडमधली कुठलीही चलाखी एवढं वाचवत नाही. काम झाल्यावर नेटेम काढायला विसरू नका.

दर उत्तराला चाळीस मिलिसेकंदांच्या आसपास उशीर दिसला, तर दोष बहुधा असा असतो: मथळा एका सेंडनं आणि मजकूर दुसऱ्या सेंडनं पाठवलाय. नेगलची पद्धत दुसऱ्या लहान तुकड्याला पहिल्याची पोच येईपर्यंत अडवते आणि समोरचा पोच द्यायला मुद्दाम थोडा थांबतो. ‘राइटव्ही’नं दोन्ही एकदम पाठवा, किंवा ‘नोडिले’ पर्याय लावा. मोठ्या फाइलसाठी, समजा सोलापुरी चादरीचा चार एमबीचा फोटो, ‘सेंडफाइल’ वापरा. फाइल तुमच्या प्रोग्रॅममध्ये न येता कर्नलमधूनच सॉकेटवर जाते. चार लिप्यांच्या लहान पानाला त्याचा उपयोग नाही.

शेवटी ‘अ‍ॅड्रेस सॅनिटायझर’ लावून सर्व्हर रात्रभर चालवा. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप आणि मित्राचा फोन दोन्ही त्याला जोडा, आणि मित्राच्या फोनवरून तुमच्या लॅपटॉपच्या पत्त्यावर ८०८० हे पोर्ट उघडा. चारही लिप्या नीट दिसल्या, तर काम झालं. हा सर्व्हर घरच्या आणि कॉलेजच्या नेटवर्कपुरता ठेवा. एचटीटीपीएस नसलेला आणि कुणी तपासलेला नसलेला कोड उघड्या इंटरनेटवर ठेवू नका.

सोलापुरात संगणक शाखा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या प्रात्यक्षिकात सॉकेटचा तयार प्रोग्रॅम उतरवून घेण्याऐवजी पहिला तास फक्त नेटकॅटला द्या. मुलांना ब्राउझरला हातानं उत्तर देऊ द्या, आणि ते उत्तर देवनागरीत द्यायला सांगा.